टायर आतून खाल्लाय! गाडीचा टायर एकसारखा का झिजत नाही, ते स्वतः ओळखायला शिका

कराडहून पुण्याला येताना पुढच्या डाव्या चाकातली हवा उतरली. शिरवळच्या अलीकडे हायवेला लागून पंक्चरची एक टपरी दिसली, तिथे थांबलो. काकांनी चाक काढलं, उभं धरून माझ्याकडे फिरवलं आणि म्हणाले, "ताई, हा टायर आतून खाल्लाय. हात लावून बघा, पण जपून." बाहेरच्या बाजूची नक्षी चांगली खोल होती. पार्किंगमध्ये मला रोज दिसायची ती तीच बाजू. आतल्या कडेला मात्र दोन बोटं रुंदीचा पट्टा पार गोटा झाला होता आणि त्यातून केसासारख्या बारीक तारा वर आल्या होत्या. एक बोटाला टोचलीही. मागच्या सीटवर आई-बाबा होते. थोड्या वेळापूर्वीच खंबाटकीचा बोगदा ओलांडून आम्ही त्याच टायरवर नव्वदच्या वेगाने आलो होतो.

त्याआधीच्या सहा महिन्यांत मी दोनदा अलायनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवायचं काम, करून घेतलं होतं. दोन्ही वेळा पैसे दिले, दोन्ही वेळा "ओके झालं" हे ऐकून घरी आले. खरं कारण नंतर सापडलं: डाव्या लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, बुश (सांध्यातलं रबर) फाटला होता. बुश फाटलेला असताना केलेलं अलायनमेंट पहिल्या मोठ्या खड्ड्यापर्यंत टिकतं.

नुकतीच गाडी घेतलेल्यांना मला सांगायचंय ते एवढंच. टायर कशाने झिजला हे टायरवरच दिसतं, ते नवा टायर टाकण्याआधी बघा. आणि दुरुस्ती क्रमाने करा: आधी हवा, मग ढिले झालेले भाग, मग बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं), आणि अलायनमेंट सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकला की गाडी नवा टायरही त्याच जागी खायला लागते.

टायर बघायचा कसा

गाडी दिवसाउजेडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे पुढच्या चाकांची नक्षी मडगार्डच्या बाहेर येते. मोबाइलचा टॉर्च लावून आतली कड बघा, मग स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला वळवून पुन्हा बघा. मागची चाकं वळत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कुणी बघतच नाही. मोबाइल हातात धरून गाडीखाली सरकवा, टॉर्च लावून व्हिडिओ काढा आणि बाहेर घेऊन शांतपणे बघा. अंगावरचे कपडेही मळत नाहीत.

मोजायला काडेपेटीतली एक काडी पुरते. काडी खाचेत उभी धरायची, वरच्या रबराच्या पातळीला नखाने खूण करायची आणि शाळेच्या पट्टीवर मोजायची. प्रत्येक टायरवर तीन मापं घ्या: बाहेरची खाच, मधली, आतली. शक्य असेल तर गाडी थोडी पुढे ढकलून टायरच्या दुसऱ्या भागावरही घ्या. वहीत लिहून ठेवा. माझ्या त्या टायरची नोंद अशी झाली असती: पुढचा डावा, बाहेर ५, मध्ये ४, आत शून्य.

कारच्या नव्या टायरची खाच साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असते. कायद्याने कारला किमान १.६ मिलिमीटर लागते. ही पातळी दाखवायला कंपनीने खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे ठेवलेले असतात. टायरच्या बाजूवर लहानसा त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरं शोधा आणि तिथून सरळ नक्षीकडे बघा, उंचवटा सापडेल. नक्षी झिजून त्याला भिडली की टायर संपला. यात सरासरी काढायची नसते. बाहेर ५ आणि आत १ असलेला टायर हा १ मिलिमीटरचाच टायर. समृद्धी महामार्गावर परिवहन विभागाने २०२३ मध्ये टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ती याच कारणासाठी. ७०१ किलोमीटरच्या सिमेंटच्या रस्त्यावर, उन्हात, एकाच वेगाने तासन् तास पळताना टायरची सगळ्यात पातळ जागाच आधी दगा देते. पावसाळ्यापुरतं विचाराल तर मी ३ मिलिमीटरच्या खाली आलेला टायर जूनच्या आधीच बदलते. पाणी बाहेर फेकायला खाचच उरली नसेल तर ब्रेक कितीही चांगला असून उपयोग नाही.

आता तळहात. टायर थंड असू द्या, तार वर आलेली नाही ना ते आधी डोळ्यांनी बघा. मग नक्षीवरून हात बाहेरून आत फिरवा, नंतर आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखं खरबरीत लागत असेल, तर ते लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे. मग हात टायरच्या गोलाईवरून, म्हणजे चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेने चालवा. मध्येच खोलगट, मध्येच उंच लागतंय का बघा.

गॅरेजमध्ये कुणी टायरांची अदलाबदल करण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक टायरवर खडूने 'पु.डा.', 'मा.उ.' अशी जागा लिहा. हे विसरू नका. अदलाबदल झाली की कुठला टायर कुठे खात होता हे कळायला मार्ग उरत नाही, आणि मेकॅनिकही मग अंदाजाने बोलतो.

झीज वाचायची कशी

नुसता मधला पट्टा झिजला असेल तर हवा बरेच दिवस जास्त भरली जातेय. टायर मध्ये फुगतो आणि कडा रस्त्याला नीट टेकत नाहीत. उलट दोन्ही कडा झिजून मध्ये नक्षी शाबूत असेल तर हवा कमी आहे. या दोन्हींचा इलाज पंपावर होतो, अलायनमेंटचे पैसे घालवू नका.

एकच कड झिजली असेल तेव्हा खरा विचार करावा लागतो, म्हणून इथे थोडं थांबू.

चाकाची ठेवण दोन शब्दांत कळते: टो आणि कॅम्बर. टो समजायला स्वतःच्या पायांकडे बघा. उभं राहून दोन्ही पायांचे अंगठे आत वळवलेत तर तो टो-इन, बाहेर फाकवलेत तर टो-आउट. चाकांचंही तसंच. कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाकाचा वरचा भाग आत कललाय की बाहेर. आत कलला तर टायर आतल्या कडेवर जास्त चालतो, बाहेर कलला तर बाहेरच्या.

टायर सगळ्यात झपाट्याने खातो तो टो. कारण साधं आहे: चाकाचं तोंड एकीकडे आणि गाडीची वाट दुसरीकडे, त्यामुळे रबर फिरता फिरता कडेला घासतही राहतं. चाक पाव अंशाने वाकडं असेल तर भूमितीच्या हिशेबाने दर किलोमीटरला ते ४ मीटरहून जास्त आडवं घासलं जातं. १०,००० किलोमीटरला हा आकडा ४० किलोमीटरच्या पुढे जातो. पाव अंश म्हणजे डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही इतका फरक, आणि तेवढ्यात टायर आडवा ४० किलोमीटर फरपटलेला असतो!

टो बिघडल्याची खूण म्हणजे तळहाताला लागलेले ते करवतीचे दाते. हात बाहेरून आत नेताना गुळगुळीत आणि परत येताना खरबरीत लागला तर टो-इन जास्त आहे, आणि झीज बाहेरच्या कडेला असते. हात आतून बाहेर येताना गुळगुळीत असेल तर टो-आउट, आणि झीज आतल्या कडेला. कड झिजलीय, पण दाते लागत नाहीत, टायर नुसताच उतरता गुळगुळीत होत गेलाय, तर संशय कॅम्बरवर घ्या. दोन्ही एकत्र बिघडलेले असतात तेव्हा टायर काही महिन्यांत संपतो.

एक अपवाद सांगते, नाहीतर उगाच घाबराल. आंबेनळी किंवा ताम्हिणीसारखा घाट ज्यांना वरचेवर चढावा-उतरावा लागतो, त्यांच्या पुढच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडा जरा आधी झिजतात. वळणावर गाडीचा सगळा भार त्याच कडांवर येतो. झीज दोन्ही बाजूंना सारखी असेल, गाडी सरळ पळत असेल, तर तिथे बिघाड शोधू नका. वळणावर वेग कमी करा आणि पुढचे-मागचे टायर वेळेवर आपसात फिरवत राहा.

टायरच्या गोलाईवर ठरावीक अंतराने वाटीसारखे खळगे पडले असतील तर चाक रस्त्यावर उड्या मारत चाललंय. शॉकअप (धक्के झेलणारे दांडे) थकलेत, किंवा चाकाचं बॅलन्सिंग बिघडलंय, किंवा कुठला तरी जॉइंट ढिला आहे. अशा टायरचा आवाज येतो, वेगाबरोबर वाढत जाणारी घुंघुं. बेअरिंग गेल्यावरही अगदी असाच आवाज येतो आणि नवखा माणूस इथे हमखास फसतो. फरक ओळखायचा तर रिकाम्या सरळ रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवी डोलवून बघा. भार या चाकावरून त्या चाकावर गेल्यावर आवाज कमी-जास्त झाला तर बहुधा बेअरिंग. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाजाची जातच बदलली तर टायर. खात्री करायची असेल तर पुढचे टायर मागे टाका. आवाजही मागे गेला की प्रश्न मिटला.

एकाच जागी सपाट चट्टा पडला असेल तर कधीतरी करकचून ब्रेक लागून चाक जाम झालंय. ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारं एबीएस कारना एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांना ते नाही. त्यांत हे जास्त दिसतं. गाडी महिनोन् महिने एका जागी उभी राहिली तरी खालचा भाग चपटा होतो, पण तो बरेचदा थोडं चालवल्यावर पुन्हा गोल होतो.

आता कामाला लागू: आधी हवा

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतो. हवा किती भरायची ते तिथे लिहिलेलं असतं. बऱ्याच छोट्या गाड्यांना ३० ते ३५ पीएसआयच्या दरम्यान काहीतरी असतं, पण तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या स्टिकरवरचाच. टायरच्या बाजूवर कोरलेला हवेचा जास्तीचा आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची नसते. मधली नक्षी गेलेले कितीतरी टायर या एका गैरसमजाचे बळी असतात.

हवा तपासायची ती टायर थंड असताना, म्हणजे सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरच्या आत चालली असताना. हायवेवरून तापून आलेल्या टायरमध्ये आकडा तीन-चारने जास्त दिसतो. तो बघून हवा सोडलीत तर रात्री टायर कमी हवेवर उभा राहतो. डोळ्यांनी अंदाज घेऊ नका. रेडियल टायर योग्य हवेतही खाली थोडा पोट काढून बसतो. खिशात मावणारा गेज घ्या, महिन्यातून एकदा चारही टायर आणि स्टेपनी तपासा. सीएनजीची टाकी मागे असेल किंवा पाच माणसं आणि सामान घेऊन गावी निघाला असाल, तर स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिलाय का तेही बघा. नायट्रोजन भरली तरी ही तपासणी चुकत नाही.

एकाच टायरची हवा वारंवार उतरत असेल तर तो आधी पाण्यात घालून बघा. खिळा, व्हॉल्व्ह किंवा खड्ड्यात वाकलेली रिम, यातलं काहीतरी निघतं.

मग ढिले भाग

हे काम मेकॅनिकसमोर उभं राहून करून घ्या. गाडी जॅकवर असताना खाली शिरायचं नाही, स्वतःही नाही आणि दुसऱ्यालाही शिरू द्यायचं नाही. खाली पक्का स्टँड हवा.

उचललेलं चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. खटखट जाणवली तर टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) किंवा त्याचा एंड, म्हणजे टोकाचा सांधा, ढिला आहे. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. मग लोअर आर्मचे बुश. त्यांचं रबर चिरलंय का ते टॉर्चने बघायला सांगा आणि पहारीने हलकं रेटून दाखवायला सांगा. माझ्या गाडीचा बुश नुसत्या नजरेला ठीक वाटत होता. पहार लावली तेव्हा आर्म बोटभर मागे सरकला. ब्रेक मारला की तेच व्हायचं: आर्म सरकायचा, चाकाचं तोंड बाहेर फिरायचं आणि आतली कड घासली जायची. गाडी अलायनमेंटच्या रॅम्पवर उभी असताना मात्र आर्म जागेवर, म्हणून मशीनवर सगळं हिरवं, म्हणजे बरोबर.

शॉकअपवर तेलाचे ओघळ दिसले तर ते गेले. बोनेटचा कोपरा दाबून सोडायची जुनी रीत आहे. गाडी एकदा वर येऊन थांबली तर बरं, झुलत राहिली तर शॉकअप संपले. पण झुलली नाही म्हणजे शॉकअप चांगलेच आहेत असं मात्र मानू नका. बुश, शॉकअप शक्यतो डावा-उजवा जोडीने बदला.

बॅलन्सिंग, आणि शेवटी अलायनमेंट

ताशी ८० ते १०० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरतं आणि वेग बदलला की थांबतं, ते बहुतेक बॅलन्सिंग. मशीनवर चाक फिरवून रिमला छोटी वजनं लावतात. चाकात चिखल साचलेला असेल तर आधी धुवून घ्या, नाहीतर चिखलाचंच बॅलन्सिंग होतं. टायर रिमवरून काढून पुन्हा चढवला की, अगदी पंक्चरसाठी का होईना, बॅलन्सिंग करून घ्यावं.

अलायनमेंटला गेल्यावर बाहेरच्या खुर्चीवर बसून राहू नका. रॅम्पवर चढवण्याआधी चारही टायरांची हवा सारखी केली का? कॅमेऱ्याच्या पाट्या चाकांना लावल्यावर गाडी थोडी मागे-पुढे सरकवली का? स्टिअरिंग सरळ धरून अडकवलं का? हे बघा. आणि दोन प्रिंट मागा, कामाआधीची आणि कामानंतरची. दोन्ही पुढच्या चाकांचा टो, कॅम्बर, कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) आणि मागच्या चाकांचे आकडे त्यात असतात. कामाआधीची प्रिंट तुमच्या वहीतल्या झिजेशी जुळते का बघा. डावा टायर आतून खाल्लाय आणि प्रिंट म्हणतेय सगळं आधीपासूनच हिरवं, तर काहीतरी ढिलं आहे आणि ते रॅम्पवर दिसत नाहीये. तिथेच थांबा, पैसे देऊन निघू नका.

"कॅम्बर आउट आहे, करून देतो" असं ऐकलंत तर विचारा, कसं करणार? आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना पुढे फक्त टो जुळवता येतो. कॅम्बरला कंपनीने सोयच ठेवलेली नसते, आणि मागचा एक्सल तर अखंड असतो. अशा गाडीचा कॅम्बर बिघडतो तो काहीतरी वाकल्यामुळे: स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगचा खांब), आर्म, कधी नकल (चाकाचं बेअरिंग धरणारा भाग). काही ठिकाणी जॅक लावून स्ट्रट दाबतात, वाकवतात. मला हे अजिबात पटत नाही. वाकलेला भाग आणखी वाकवून आकडा हिरवा येतो, पण तो भाग कमजोर होतो. काय वाकलंय ते शोधून बदला. फरक थोडा असेल तर कॅम्बर बोल्ट मिळतो, तो निदान सरळ उपाय आहे.

मागचे आकडे लाल असतील तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालतेय, स्टिअरिंग सरळ ठेवायला सतत थोडं वळवून धरावं लागतं. खोल खड्डा किंवा फुटपाथची धडक आठवून बघा.

फिरवणं आणि बदलणं

पुढच्या चाकांवर इंजिनाची ओढ, स्टिअरिंग आणि ब्रेकचा मोठा भार असल्यामुळे आपल्या बहुतेक गाड्यांचे पुढचे टायर आधी झिजतात. म्हणून दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायर फिरवायचे: पुढचे दोन त्याच बाजूला सरळ मागे, मागचे दोन पुढे येताना डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलायची नाही, फक्त पुढे-मागे. फिरवण्याने झीज वाटली जाते, बिघाड जात नाही. एका कडेला गेलेला टायर मागे टाकून गप्प बसलात तर पुढे आलेला चांगला टायर आता त्याच वाटेने जाईल.

तार दिसली, बाजूवर फुगा आला किंवा चीर गेली तर टायर फिरवायचाही नाही, सरळ काढायचा. नवे दोनच घ्यायचे असतील तर ते मागे लावा. दुकानात बरेचदा पुढे लावायचा आग्रह होतो, पण ओल्या रस्त्यावर मागचे टायर सुटले तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि ती सावरणं फार अवघड. घेताना टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.

काम झाल्यावर हजार किलोमीटरला पुन्हा तळहात फिरवा. करवतीचे दाते इतक्यातही जाणवायला लागतात. काडीने मोजायची घाई करू नका, हजार किलोमीटरमध्ये मिलिमीटरचा थोडाच भाग जातो आणि तो काडीला कळत नाही. तीन-चार हजार झाले की काडी घेऊन बसा आणि वहीतल्या जुन्या आकड्यांशेजारी नवे लिहा. आत आणि बाहेर यांत पुन्हा फरक पडताना दिसला, तर वही आणि कामानंतरची प्रिंट दोन्ही घेऊन त्याच रॅम्पवर परत जा.